दिवा हिरवा, नेट बंद

१५ जुलै २०२५. भारतात पहाटेचे ३ वाजून २२ मिनिटं झाली होती, तेव्हा १.१.१.१ हा पत्ता इंटरनेटवरून गायब झाला. क्लाउडफ्लेअर कंपनीची ही फुकट डीएनएस सेवा. संकेतस्थळाचं नाव सांगितलं की त्याचा आकडी पत्ता शोधून देणारी. कंपनीच्याच सेटिंगमधल्या एका चुकीमुळे ती जगभर ६२ मिनिटं बंद होती. आता हा पत्ता लक्षात ठेवायला फार सोपा. त्यामुळे ‘नेट चालू आहे का’ हे तपासण्यासाठीही कित्येक घरगुती राउटरांमध्ये तोच घातलेला असतो. अशा राउटरांच्या लेखी त्या पहाटे ठणठणीत फायबर लाइनही मेलेली होती.

उलटा प्रकार तर नेहमीचा. मोडेमचे सगळे दिवे हिरवे, राउटरच्या पडद्यावर ‘ऑनलाइन’, आणि लॅपटॉपवर मीटिंगमधल्या साहेबांचा चेहरा अर्ध्या वाक्यात गोठलेला. मुद्दाम पैसे भरून घेतलेली दुसरी लाइन शेजारी रिकामी बसलेली असते, कारण पहिली बिघडली आहे हे राउटरला कळलेलंच नसतं.

दोन्ही घोटाळ्यांचं मूळ एकच. लाइनची तब्येत राउटरला थेट दिसत नाही, तो काही खुणांवरून अंदाज बांधतो. पूर्ण मेलेली तार किंवा जळालेलं नेटवर्क कार्ड त्याच्या पटकन लक्षात येतं. त्याला चकवतात ती अर्धमेली: लिंक दाखवणारं पण पाकिटं गाळणारं कार्ड, पिंगला, म्हणजे ‘आहेस का’ या छोट्या चौकशीला, उत्तर देणारी पण पुढे कुठेच न नेणारी लाइन. घरच्या फायरवॉलची दुरुस्ती म्हणजे बरीचशी या अर्धमेल्यांची शोधाशोध असते.

घरातली फायरवॉल

बहुतेकांसाठी राउटर म्हणजे कंपनीचा माणूस बसवून जातो तो अँटेनांचा डबा. पण ज्यांचं काम घरून चालतं, ज्यांच्याकडे कॅमेरे आहेत, किंवा मुलांचं नेट रात्री दहाला बंद करायचं आहे, त्यांच्यापैकी काही जण हल्ली त्यामागे स्वतःची फायरवॉल, म्हणजे आत-बाहेरच्या वाहतुकीवर नियम लावणारा राउटर, बसवतात. बहुधा ती पंखा नसलेली छोटी धातूची पेटी असते. आत इंटेलचा एन१०० प्रोसेसर आणि मागे नेटवर्कची चार पोर्टं. त्यावर पीएफसेन्स, ओपीएनसेन्स किंवा ओपनडब्ल्यूआरटी यांपैकी एक प्रणाली चढवलेली असते.

या प्रणालींची वंशावळ मोठी नाही. मॅन्युएल कास्परनं २००३ मध्ये आणलेल्या ‘मोनोवॉल’मधून २००४ साली पीएफसेन्स फुटलं आणि त्यातून जानेवारी २०१५ मध्ये ओपीएनसेन्स. पुढच्याच महिन्यात कास्परनं मोनोवॉल बंद केलं आणि वापरणाऱ्यांना ओपीएनसेन्स पाहायला सुचवलं. पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतात. ओपनडब्ल्यूआरटी लिनक्सच्या कुळातलं. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरचा सोर्स कोड खुला झाला, त्यातून ते जन्मलं. हे कूळ माहीत असलेलं बरं, कारण कोणतं कार्ड नीट चालेल हे बरंचसं त्यावर ठरतं.

पोर्ट कोणतं, नाव कोणाचं

फ्रीबीएसडीत कार्डाला नाव मिळतं ते ड्रायव्हरवरून. इंटेलची १ गिगाबिटची बरीच कार्डं ‘आयजीबी’, २.५ गिगाबिटची ‘आयजीसी’, रिअलटेकची ‘आरई’, यूएसबीला लावलेली ‘यूई’. पुढे शून्यापासून नंबर. यंत्र सुरू होताना कार्डं ज्या क्रमानं सापडतील त्या क्रमानं हे नंबर लागतात. पेटीवर छापलेल्या ‘लॅन १, लॅन २’शी त्यांचा मेळ असेलच असं नाही. आत एखादं नवं कार्ड बसवलं, तर कालचं आयजीबी१ आज आयजीबी३ होऊ शकतं. फायरवॉलचे नियम मात्र जुन्या नावालाच चिकटून राहतात. अशा वेळी नेट बंद पडलं तर सुटलो म्हणायचं. बाहेरच्या पोर्टाला घरातल्या पोर्टाचे सैल नियम लागले तर ते जास्त वाईट.

उपाय साधा आहे. कन्सोलवर लक्ष ठेवून एकेका पोर्टात केबल घालायची आणि काढायची. ज्या नावापुढे ‘लिंक अप’ आणि ‘लिंक डाउन’ उमटेल ते त्या पोर्टाचं खरं नाव. ते मार्करनं पेटीवर लिहून ठेवायचं.

याच नावांपायी पीएफसेन्स कधी कधी सुरूच होत नाही. नोंदवलेलं एखादं कार्ड यंत्र चालू होताना सापडलं नाही, तर पीएफसेन्स थांबतं आणि ‘नेटवर्क इंटरफेस मिसमॅच’ असा संदेश देऊन कोणतं पोर्ट कशासाठी ते नव्यानं विचारतं. राखीव लाइन म्हणून यूएसबी डाँगल लावलेल्यांना याचा हमखास फटका बसतो. वीज जाते, परत येते, डाँगल जागं व्हायच्या आत फायरवॉल कार्डं मोजून मोकळी होते, आणि मुख्य फायबर धडधाकट असूनही घरभर नेट नाही. पडद्याविना कोपऱ्यात ठेवलेली ती पेटी कुणीतरी कीबोर्ड जोडून उत्तर द्यायची वाट पाहत बसते. म्हणून राखीव लाइन यूएसबीवर न घेता, सिम घालायची सोय असलेल्या छोट्या राउटरमधून साध्या नेटवर्क केबलनं घेणं शहाणपणाचं. त्या राउटरचं नेट मागाहून आलं तरी फायरवॉलचं कार्ड जागेवरच असतं.

तारेची साक्ष

कार्डाला दोष देण्याआधी तार तपासायची, हा या धंद्यातला जुना शिरस्ता. त्यासाठी एक सोपी खूण आहे. प्लॅन ३०० एमबीपीएसचा आणि स्पीड टेस्ट वारंवार ९४ च्या आसपास अडकते. हा आकडा योगायोगानं येत नाही. इथरनेटच्या पूर्ण भरलेल्या प्रत्येक पाकिटामागे तारेवर १५३८ बाइटांइतकी जागा जाते आणि त्यात प्रत्यक्ष माहिती जेमतेम १४६० बाइट असते. म्हणजे १०० एमबीपीएसच्या लिंकवर हातात उरतात ते साधारण ९४ ते ९५. तेव्हा ९४ दिसलं की लिंक १००० वरून १०० वर घसरली आहे असं समजावं.

का घसरते? केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिटला चारही लागतात, १०० एमबीपीएसचं काम दोन जोड्यांत भागतं. दोन्ही टोकं कोणत्या वेगानं बोलायचं ते आधी आपापसांत ठरवतात आणि ही बोलणीही त्या दोन जोड्यांवरूनच होतात. उरलेल्या दोनांपैकी एखादी तुटली, तर बोलणी व्यवस्थित पार पडतात, गिगाबिट ठरतं, पण लिंक काही उभी राहत नाही. मग कार्डात सोय असेल तर ते मुकाट्यानं १०० वर उतरतं. नसेल तर लिंक लागते-तुटते, लागते-तुटते असा खेळ सुरू राहतो.

जोडी तुटायला फार काही लागत नाही. क्रिंप करताना आरजे-४५ मध्ये एक तार अर्धवट बसलेली असते, फॉल्स सीलिंगमध्ये उंदीर दात लावून गेलेला असतो, किंवा केबलच स्वस्तातली असते. आपल्या बाजारात ‘कॅट-६’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक केबलींत शुद्ध तांबं नसतं. ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असतो. दुकानदार तिला सीसीए म्हणतात. टीआयए या दूरसंचार उद्योग संघटनेच्या केबल मानकात ती बसत नाही. तिचा विद्युतरोध जास्त आणि वाकवली की ती लवकर मोडते. कात्रीच्या पात्यानं तार खरवडली आणि आत रुपेरी दिसलं, की ओळख पटते.

तारेचा दुसरा साक्षीदार राउटरच्या आत असतो. ‘नेटस्टॅट’ ही आज्ञा प्रत्येक कार्डावर आलेली पाकिटं आणि त्यांतली खराब पाकिटं मोजून दाखवते. लिनक्सवर हेच काम ‘एथटूल’ आणखी तपशिलात करतं. चांगल्या लिंकवर चुकांचा आकडा शून्य किंवा शून्याजवळ असतो. तो एकदाच वाचून मात्र उपयोग नाही, कारण यंत्र सुरू झाल्यापासूनची ती बेरीज असते. दहा मिनिटांच्या अंतरानं दोनदा वाचायचा आणि फरक पाहायचा. आकडा वाढत असेल तर आधी केबल बदलायची, मग समोरचं पोर्ट, मग कार्ड. एका वेळी एकच वस्तू बदलायची. घाईत तिन्ही बदलली तर नेट चालू होतं, पण खराब केबल पुन्हा ड्रॉवरमध्ये जाऊन पडते आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या यंत्राला लागते.

नेटस्टॅटमधला पाकिटांच्या टकरी दाखवणारा रकानाही पाहावा. आजच्या लिंकवर टकरी व्हायलाच नकोत. त्या दिसल्या तर बहुधा कुणीतरी एका टोकाला वेग हातानं ‘१०० फुल डुप्लेक्स’ असा बांधलेला असतो आणि दुसरं टोक आपोआप ठरवण्याच्या पवित्र्यात असतं. समोरून बोलणीच न आल्यानं ते टोक ‘हाफ डुप्लेक्स’, म्हणजे एका वेळी एकच बाजू बोलणार, असं धरून चालतं. अशा लिंकवर मेल येतो, वेबसाइट उघडते, पण मोठी फाइल सुरू केली की सगळं रेंगाळतं.

कार्डांचे गुणदोष

फ्रीबीएसडीच्या वर्तुळात रिअलटेकची थट्टा जुनी आहे. आरटीएल८१३९ या कार्डाचा ड्रायव्हर लिहिणाऱ्या बिल पॉलनं त्या ड्रायव्हरच्या फाइलमध्येच शेरा मारून ठेवला आहे, की या चिपनं ‘हलक्या प्रतीचं’ या शब्दाची व्याख्याच बदलली. तक्रार तांत्रिक होती: चिपची रचनाच अशी, की तिच्याकडचं प्रत्येक पाकीट प्रोसेसरला पुन्हा एकदा उचलून दुसरीकडे ठेवावं लागे. पुढच्या पिढीतली गिगाबिट कार्डं खूपच सुधारली. तरीही फ्रीबीएसडीच्या मूळ ड्रायव्हरवर ताण आला की ‘आरई० : वॉचडॉग टाइमआउट’ असा संदेश लॉगमध्ये उमटतो आणि लिंक क्षणभर पडते. वॉचडॉग म्हणजे ड्रायव्हरमधला पहारेकरी. पाठवायला दिलेली पाकिटं ठरल्या वेळेत गेली नाहीत की तो कार्ड रीसेट करतो. रिअलटेकचा स्वतःचा ड्रायव्हर वेगळा मिळतो आणि ओपीएनसेन्समध्ये तो प्लगइन म्हणून बसवता येतो. बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं.

म्हणून सल्ला मिळतो ‘इंटेल घ्या’. पण इंटेलही धुतल्या तांदळासारखं नाही. आय२२५-व्ही ही घरगुती संगणकांसाठीची तिची २.५ गिगाबिटची पहिली चिप. इथरनेटच्या नियमाप्रमाणे दोन पाकिटांमध्ये ९६ बिटांइतकी फट ठेवावी लागते, २.५ गिगाबिटला ती ३८.४ नॅनोसेकंद भरते. सुरुवातीच्या चिपांत ही फट नीट राखली जात नव्हती. काही स्विचांना ते खपे, काहींशी जोडल्यावर पाकिटं गळत आणि वेग कोसळे. वेग १ गिगाबिटवर बांधून ठेवा, असा तात्पुरता उपाय इंटेलनं सांगितला आणि पुढे सुधारित चिपा आणल्या. कार्ड तेच, केबल तीच, फक्त स्विच बदलल्यावर दोष गायब. असा दोष पकडताना भलेभले दमतात. त्यानंतरच्या आय२२६ वर लिंक अधूनमधून तुटत असेल, तर वीज वाचवणाऱ्या दोन सोयी बंद करून पाहतात: इथरनेटची ‘ईईई’ आणि बायोसमधली ‘एएसपीएम’.

बाजारात इंटेलच्या नावाची नकली कार्डंही भरपूर. चार पोर्टांचं आय३५० हे नकल करणाऱ्यांचं आवडतं. नव्या कार्डाच्या निम्म्याहून कमी किमतीत ‘सीलबंद’ माल मिळत असेल तर संशय घ्यावा.

कार्ड अस्सल, तार शाबूत, तरी नेट लंगडतं, असं झालं तर ‘ऑफलोड’ तपासायचं. प्रोसेसरचा भार हलका व्हावा म्हणून आधुनिक कार्डं काही कामं स्वतःकडे घेतात: पाकिटांची तपासणी-बेरीज करणं, मोठा मजकूर लहान पाकिटांत तोडणं, आलेली लहान पाकिटं जोडून मोठं करणं. सर्व्हरला ही मदत सोयीची. राउटरला मात्र दुसऱ्याची पाकिटं जशीच्या तशी पुढे द्यायची असतात. आलेली पाकिटं जोडून ठेवणं त्याच्या कामाच्याच विरुद्ध जातं. म्हणून फायरवॉलवर तोडजोडीची ही कामं बंद ठेवायची शिफारस असते. प्रॉक्समॉक्ससारख्या प्रणालीत आभासी यंत्रावर पीएफसेन्स चालवणाऱ्यांना याचा नमुना हमखास पाहायला मिळतो: पिंग जातं, डीएनएस चालतं की नाही याचा भरवसा नाही, वेबसाइट तर उघडतच नाही. तपासणी-बेरीज कार्ड करेल म्हणून प्रणाली ती सोडून देते, पण खरं कार्ड तिथे नसतंच. अपुरी बेरीज असलेलं पाकीट पलीकडे टाकून दिलं जातं. सेटिंगमधल्या एका चौकटीत टिक केली की प्रश्न मिटतो.

पिंगच्या लहानग्या पाकिटावर फार विश्वास टाकू नये, असंही यातून निघतं. नेहमीचं पिंग शंभरेक बाइटांचं. खरी वाहतूक १५०० बाइटांची. म्हणून तोडायला मनाई करून १४७२ बाइटांचं पिंग पाठवून पाहायचं. त्यावर २८ बाइटांचं वेष्टन चढलं की बरोबर १५०० होतात. युजरनेम-पासवर्ड टाकून चालणाऱ्या पीपीपीओई लाइनवर आठ बाइट त्या जोडणीलाच लागतात, तेव्हा तिथे बहुधा १४६४ पर्यंतच जातं. त्याहून कमी आकड्यावर अडलं तर वाटेत कुठेतरी एमटीयूचा, म्हणजे पाकिटाच्या कमाल आकाराचा, घोळ आहे.

कार्ड बदलल्यावर एक देशी अडचण उरते. आपल्याकडचे बरेच स्थानिक ब्रॉडबँडवाले गिऱ्हाइकाची लाइन त्याच्या यंत्राच्या मॅक पत्त्याला, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकाला, बांधून ठेवतात. नवं कार्ड म्हणजे नवा मॅक, म्हणजे नेट बंद. तिकडे फोन करून ‘मॅक रिलीज करा’ म्हणायचं, किंवा फायरवॉलमध्ये जुन्याच कार्डाचा मॅक लिहायचा.

दुसरी लाइन कधी उठते

आता फेलओव्हर. पीएफसेन्समध्ये दोन लाइनी एका गटात घालतात आणि त्यांना पायऱ्या देतात: फायबर पहिल्या पायरीवर, मोबाइलची लाइन दुसऱ्या. पहिली पडली की दुसरी. पहिली पडली हे ठरवायचं काम ‘डीपिंगर’ नावाच्या छोट्या प्रोग्रॅमकडे असतं.

डीपिंगर दर अर्ध्या सेकंदाला एक पिंग पाठवतो आणि गेल्या ६० सेकंदांचा हिशोब धरतो. मूळ सेटिंगमध्ये २० टक्के पिंगं हरवली किंवा सरासरी उशीर ५०० मिलिसेकंदांवर गेला की लाइन बाद. मिनिटात १२० पिंगं, त्यांचे २० टक्के म्हणजे २४. ती हरवायला १२ सेकंद. एखादं पिंग हरवलं असं मानण्याआधी तो दोन सेकंद थांबतो. म्हणजे फायबर मधोमध तुटली तर साधारण चौदा-पंधरा सेकंदांनी पलटी होणार. केबलच उपटली तर लगेच होते, कारण तिथे कार्डाची लिंकच जाते. घाईच्या नादात हे आकडे फार खाली आणले तर वेगळंच दुखणं सुरू होतं. घरातल्या कुणी मोठा व्हिडिओ अपलोडला लावला की लाइन तुंबते, पिंगचा उशीर वाढतो, राउटर लाइन बाद करतो. वाहतूक हटल्याबरोबर लाइन मोकळी, लगेच परत. मग पुन्हा तुंबते. दर दोन मिनिटांनी असा झोका. या तुंबण्याला जिम गेटिस यांनी २०१० मध्ये ‘बफरब्लोट’ नाव दिलं. त्यावर एफक्यू-कोडेल ही रांगेची पद्धत लागू पडते. तिचं अधिकृत वर्णन २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. अपलोडचा वेग लाइनच्या क्षमतेहून थोडा कमी बांधायचा आणि रांग फायरवॉलकडे घ्यायची.

पिंग कुठे करायचं, हा यातला कळीचा प्रश्न. काही सांगितलं नाही तर डीपिंगर गेटवेला, म्हणजे कंपनीच्या पहिल्या टप्प्याला विचारतो. फायबरचा ओएनटी डबा स्वतःच राउटरचं काम करत असेल तर तो पहिला टप्पा घरातच, दोन फुटांवर असतो. दादरला लोकल चालू आहेत का, हे सोसायटीच्या वॉचमनला विचारण्यापैकी हे आहे. उत्तर तत्परतेनं मिळतं, पण त्याला माहीत असतं ते गेटापुरतं. बाहेर रस्ता खणताना फायबर तुटली, ओएनटीवर ‘एलओएस’चा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, दिवा लाल झाला, तरी डबा फायरवॉलला सांगत राहतो, ‘मी आहे ना.’ फायरवॉल हिरवी ती हिरवीच.

म्हणून पिंगचा पत्ता कंपनीच्या पलीकडचा हवा, आणि प्रत्येक लाइनीचा वेगळा. फायबरला गूगलचा ८.८.८.८, मोबाइलला क्वाड-नाइनचा ९.९.९.९, असं. यातही एक खोच आहे. पीएफसेन्स त्या पत्त्याकडे जाणारा रस्ता त्या-त्या लाइनीलाच बांधून टाकतं. घरातल्या यंत्रांना डीएनएस म्हणूनही तोच एकटा ८.८.८.८ दिलेला असेल, तर फायबर पडल्यावर वाहतूक मोबाइलवर सरकते, पण ८.८.८.८ चा रस्ता मेलेल्या फायबरकडेच राहतो. लाइन चालू, पिंग चालू, आणि एकही वेबसाइटचं नाव उघडत नाही. तपासणीचा पत्ता वेगळा आणि डीएनएसचा वेगळा ठेवला, किंवा दोन्ही लाइनींवर एकेक डीएनएस दिला, की हा पेच येत नाही.

दोन्ही लाइनींचे डबे एकाच पठडीतले असले तर आणखी एक गाठ पडते. एका ओएनटीचा पत्ता १९२.१६८.१.१, दुसऱ्या राउटरचाही तोच, आणि पीएफसेन्सच्या घरातल्या बाजूचा मूळ पत्तासुद्धा १९२.१६८.१.१. तिघांचा एकच पत्ता असल्यावर पाकीट कुठे पाठवायचं हे कुणालाच ठरवता येत नाही. घरातली बाजू आधीच १९२.१६८.५० सारख्या आडबाजूच्या मालिकेवर नेऊन ठेवावी आणि दोन डब्यांपैकी एकाची मालिका बदलावी.

पलटल्यानंतर

फेलओव्हर झालं म्हणजे चालू असलेला कॉल तसाच पुढे सरकला, असं होत नाही. लाइन बदलली की घराचा बाहेरचा पत्ता बदलतो, आणि समोरच्या सर्व्हरच्या दृष्टीनं हा कुणी तिऱ्हाईत ठरतो. ब्राउझर नवी जोडणी करून मोकळा होतो. व्हीपीएन आणि बँकेचं लॉगिन बहुधा पुन्हा करावं लागतं. अडून बसतात ते नेटवर चालणारे फोन. ते दर काही सेकंदांनी जुन्याच जोडणीवर ‘आहे, आहे’ असं पाकीट टाकत राहतात. त्यामुळे फायरवॉलच्या वहीतली जुनी नोंद संपतच नाही आणि फोन मेलेल्या लाइनीलाच चिकटून राहतो. लाइन पडताच तिच्यावरच्या नोंदी पुसून टाकायची सोय पीएफसेन्समध्ये आहे. ती चालू ठेवावी.

बाहेरून घरात यायचे रस्तेही राखीव लाइनीवर बहुधा बंद असतात. मोबाइल कंपन्या हजारो गिऱ्हाइकांना मोजक्या सार्वजनिक पत्त्यांमागे बसवतात, त्यासाठी १००.६४ ते १००.१२७ ही मालिका २०१२ मध्ये राखून ठेवण्यात आली. फायरवॉलच्या बाहेरच्या पोर्टाला या मालिकेतला पत्ता मिळाला असेल, तर गावाहून घरचा कॅमेरा थेट उघडण्याचा नाद सोडावा. डेटाचाही हिशोब ठेवावा. राखीव सिमवर दिवसाला दोन जीबी असतील, तर टीव्ही आणि विंडोजचे अपडेट त्या लाइनीवर जाऊच नयेत असा नियम करता येतो. कामाचे लॅपटॉप तेवढे पलटतील, बाकीची यंत्रं थांबतील.

दोन बिलं, एक खांब

८ जुलै २०२२ रोजी कॅनडातलं रॉजर्स कंपनीचं जाळं कोसळलं. मुख्य जाळ्यात बदल करताना एक गाळणी काढली गेली, रस्त्यांच्या माहितीचा लोंढा गाभ्यातल्या राउटरांवर आदळला आणि ते बसले. १ कोटी २० लाखांहून जास्त ग्राहकांचा मोबाइल आणि इंटरनेट एकदमच गेलं. देशभर डेबिट कार्डांचे व्यवहार चालवणारी इंटरॅकही बंद पडली, कारण तिची भिस्त रॉजर्सवर होती. दुरुस्ती करणाऱ्या कर्मचाऱ्यांना आत शिरायची वाटही त्याच बंद जाळ्यातून जात होती. ज्या घरांत रॉजर्सचं ब्रॉडबँड होतं आणि राखीव म्हणून रॉजर्सचंच सिम होतं, त्यांच्याकडे दोन लाइनी असून नसल्यासारख्या होत्या.

आपल्याकडे हे आणखी जवळ घडतं. दोन कंपन्यांची दोन बिलं येतात, पण दोन्ही फायबर सोसायटीत येतात एकाच खांबावरून किंवा एकाच डक्टमधून. खोदाईचा एक घाव दोघींना पुरतो. म्हणून दुसरी लाइन हवेतून आलेली बरी. सप्टेंबर २०२३ मध्ये जिओनं एअरफायबर सुरू केलं तेव्हा पहिल्या आठ शहरांत मुंबई आणि पुणे होती. घरापर्यंत तार नसलेली अशी लाइन दुसऱ्या कंपनीच्या फायबरला चांगली जोडीदार ठरते.

सगळ्यात साधी सामाईक वस्तू म्हणजे वीज. फायरवॉल इन्व्हर्टरवर, पण ओएनटीचा प्लग टीव्हीमागच्या साध्या सॉकेटात, असं चित्र घरोघरी दिसतं. लाइट गेली की फायरवॉल जागी राहते आणि तिच्या दोन्ही लाइनी झोपतात. ओएनटी, मोबाइल राउटर, फायरवॉल आणि मधला स्विच, चौघंही इन्व्हर्टरवर हवेत. उन्हाळ्यात जागाही पाहावी. नागपूरसारख्या ठिकाणी पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा बिनपंख्याची पेटी बंद लाकडी कपाटात ठेवली तर कार्डं दुपारी रुसतात आणि रात्री सुधारतात.

बिघडवून पाहायचं

फेलओव्हर बसवणारे बहुतेक जण केबल उपटून पाहतात, नेट चालू राहिलं की खूश होतात. ही सर्वांत सोपी परीक्षा झाली. अर्धमेली लाइन तयार करायची तर ओएनटी आणि फायरवॉल यांच्यामध्ये एक साधा स्विच ठेवायचा आणि ओएनटी ते स्विच ही केबल काढायची. फायरवॉलच्या पोर्टाचा दिवा हिरवाच राहतो, पलीकडे मात्र काही नसतं. फायबरच्या नाजूक कनेक्टरला हात लावावा लागत नाही. घड्याळ लावून पलटी किती सेकंदांत झाली ते पाहायचं, कॉल चालू ठेवून त्याचं काय होतं ते पाहायचं, केबल परत लावून वाहतूक मूळ लाइनीवर येते का तेही पाहायचं. मग राखीव लाइन बंद असताना हेच करायचं. कारण सिमचं रिचार्ज संपलेलं असतं आणि ते कुणाच्या लक्षात नसतं, हा फेलओव्हर फसण्याचा अगदी नेहमीचा प्रकार. राखीव लाइनीवरूनही पिंग सतत चालू असलं आणि ती पडल्यावर मेल किंवा टेलिग्रामवर सूचना येत असली, तर ही गोष्ट वेळेवर कळते. शेवटची परीक्षा विजेची: मेन स्विच पाडायचा, दहा मिनिटं थांबायचं, चालू करायचा आणि कीबोर्डला हात न लावता सगळं आपोआप उभं राहतं का ते पाहायचं.

फायरवॉलशेजारच्या ड्रॉवरमध्ये काही वस्तू असाव्यात: खात्रीच्या दोन पॅचकॉर्ड, एक जादा कार्ड, कन्सोलची केबल आणि एक पेनड्राइव्ह. पेनड्राइव्हवर प्रणालीची इन्स्टॉलर फाइल, सेटिंगचा ताजा बॅकअप, ब्रॉडबँडचा युजरनेम-पासवर्ड, आणि कार्ड रिअलटेकचं असेल तर त्याचा ड्रायव्हर. हे सगळं क्लाउडवर ठेवलेलं असलं तर ऐन वेळी तिथे पोचायला लागणारं नेट याच पेटीतून जात असतं.